उघडणावळ

बाजीराव रस्त्यालगतच्या एका बोळात अण्णांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. औंधच्या आयटीआयमधून रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा कोर्स करून १९८६ साली मी तिथे लागलो. काउंटरमागे पाटी होती : ‘वस्तू उघडून पाहण्याचे ५ रुपये पडतील. दुरुस्त होवो वा न होवो. हुज्जत घालू नये.’ पुण्यात पाटी लावली की हुज्जत ठरलेलीच. ‘नुसतं उघडायचे पाच रुपये?’ असं कुणी विचारलं की अण्णा चष्म्याच्या वरून बघत म्हणायचे, ‘सोनाराला घडणावळ देता ना? ही उघडणावळ.’

शब्द अण्णांनीच पाडलेला. पण गेली जवळजवळ चाळीस वर्षं मी ज्या धंद्यात आहे, त्याला याहून नेमकं नाव मला सापडलेलं नाही. व्हॉल्व्हचे रेडिओ गेले, कॅल्क्युलेटर गेले, पिक्चर ट्यूब गेल्या. आता माझ्या टेबलावर वायफायचे कॅमेरे, राउटर, दाराच्या डिजिटल बेल, मनगटावरचे पट्टे येतात. चांगले चालू असतात. त्यांच्यात परका माणूस शिरू शकतो का, हे बघायला मी ते उघडतो. तरुण मुलं याला सिक्युरिटी रिसर्च म्हणतात आणि ती काल-परवा अमेरिकेतून आलेली विद्या आहे असं समजतात. तिचा बराचसा रस्ता मी स्वतः पायी चाललोय, तोही पेठांमधून.

अण्णांचे नियम पाटीवर नव्हते, पण पाटीपेक्षा कडक होते. मागचं झाकण गिऱ्हाइकाच्या समोरच काढायचं. निघालेला प्रत्येक स्क्रू बशीत पडला पाहिजे. आणि आत जे दिसेल ते दुकानाच्या पायरीखाली उतरता कामा नये. हा तिसरा नियम मला एका मर्फीच्या रेडिओने शिकवला. नारायण पेठेतल्या एक बाई खरखर करतो म्हणून तो घेऊन आल्या होत्या. झाकण काढलं तर स्पीकरच्या मागे दहा-दहाच्या नोटांची सुरळी, दोऱ्याने बांधलेली. मी तोंड उघडणार तेवढ्यात अण्णांनी माझ्या पायावर पाय दिला. बाई रस्त्याकडे बघत होत्या. अण्णांनी कंडेन्सर बदलला, सुरळी होती तशी ठेवली, झाकण लावलं आणि सात रुपये घेतले. पुढच्या आठवड्यात त्या बाईंचे यजमान सेल घ्यायला आले, तेव्हा अण्णा त्यांच्याशी पर्वतीच्या पाण्याबद्दल बोलत बसले.

मंडईजवळ फुटपाथवर बसणाऱ्या चावीवाल्याचंही असंच होतं. कुलूप उघडून द्यायला तो घरी यायचा, पण शेजारचं कुणीतरी उभं राहिल्याशिवाय हत्यार काढायचा नाही. ‘घर तुमचंच आहे हे मला कसं कळणार?’ असं तो सरळ विचारायचा. लोकांना राग यायचा. मला आता वाटतं, आज कंपन्या ज्याला जाडजूड धोरण म्हणतात त्यातलं निम्मं त्या प्रश्नात होतं.

कुलपांची गोष्ट निघालीच आहे तर लंडनला जाऊन येऊ. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनात आल्फ्रेड हॉब्स नावाचा अमेरिकन कारागीर आला. त्याने चब कंपनीचं नावाजलेलं कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडलं. मग मोर्चा वळवला ब्रामा कंपनीकडे. पिकॅडिलीतल्या त्यांच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप अनेक दशकं टांगलेलं होतं, उघडेल त्याला २०० गिनी बक्षीस. हॉब्सने १६ दिवसांत मिळून ५१ तास खर्ची घातले आणि उघडलं. गहजब झाला. कुलपातली खोट अशी चारचौघांत सांगितली तर चोरांना धडाच मिळेल, असं लोक म्हणू लागले. १८५३ मध्ये चार्ल्स टॉमलिन्सन यांनी कुलपांवर पुस्तक लिहिलं, त्यात याला उत्तर आहे : चोरांना हे आधीपासून ठाऊक असतं, माहीत नसतं ते बिचाऱ्या घरमालकाला. पावणेदोनशे वर्षं झाली, वाद एका इंचानेही सरकलेला नाही. फक्त हॉब्सला उघडणावळ रोख मिळाली होती आणि तीही ज्याचं कुलूप त्याच्याकडूनच, हे लक्षात ठेवा.

आमच्या धंद्यात कॉम्प्युटर शिरला तो १९९० च्या आगेमागे, आणि त्याच्याबरोबर व्हायरस आले. पहिला गाजलेला ‘ब्रेन’, १९८६ चा, लाहोरच्या दोन भावांचा. पठ्ठ्यांनी व्हायरसमध्ये स्वतःचा पत्ता आणि फोन नंबर घातला होता! १९९० मध्ये भारतात सापडलेला ‘जोशी’ मात्र अस्सल आपल्या वळणाचा. पाच जानेवारीला मशीन सुरू केलं की ते अडून बसायचं आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप केल्याशिवाय हलायचं नाही. हा जोशी कोण, ते जगाला कळलं नाही. सदाशिव पेठेत त्या काळी यावर किती पैजा लागल्या असतील! माझा संशय तीन जोश्यांवर होता. तिघांनीही आपला वाढदिवस उन्हाळ्यात येतो असं सांगितलं.

तेव्हा मंगळवार पेठेत कैलास काटकर कॅल्क्युलेटर आणि कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. मूळचे रहिमतपूरचे, दहावीनंतर शिक्षण सोडून रेडिओ-कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागलेले, म्हणजे आमच्याच पंगतीतले. धाकटा भाऊ संजय मॉडर्न कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होता. दुरुस्त करून दिलेलं मशीन व्हायरसने पुन्हा दारात येतंय हे बघून संजय काटकरांनी एकेका व्हायरसवर उतारा लिहायला घेतला. १९९३ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस उभी राहिली, त्यातून ‘क्विक हील’ आलं, आणि २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात उतरली. वर्तमानपत्रांनी ही कहाणी गरिबीतून श्रीमंतीची म्हणून पुष्कळ छापली. मला तिच्यातलं दुसरंच काही महत्त्वाचं वाटतं. पुण्यात सायबर सुरक्षेचा धंदा विद्यापीठातून किंवा लष्करातून आला नाही. तो दुरुस्तीच्या टेबलावरून आला. आणि दुरुस्ती करणारा माणूस ‘उघडू का?’ असं कंपनीला विचारत नाही. गिऱ्हाइकाने वस्तू हातात दिली, झाली परवानगी.

इथवर सगळं सरळ होतं. एक पेटी, एक मालक, मध्ये मी. पेट्या एकमेकींना जोडल्या गेल्या तिथे घोळ सुरू झाला.

२०१६ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात ‘मिराई’ नावाच्या घुसखोर प्रोग्रामने जगाला दणका दिला. कॅमेरे, डीव्हीआर, राउटर असल्या लाखो चिल्लर वस्तू कारखान्यातून येतानाच्या पासवर्डावर चालत होत्या. मिराई असे साठेक नाव-पासवर्डांचे जोड घेऊन दारोदार फिरला आणि जिथे दार उघडलं तिथे आत शिरला. २१ ऑक्टोबरला मिराईच्याच एका फौजेने डाइन नावाच्या कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेतल्या मोठमोठ्या साइट काही तास बंद पडल्या. मुळात मिराई लिहिणारे तिघे विशीच्या आसपासचे पोरगे. त्यांतल्या दोघांची असल्या हल्ल्यांपासून संरक्षण विकणारी कंपनी होती. आग लावायची आणि बंबही आपणच विकायचा. त्याच वर्षी जूनमध्ये बालेवाडीत पंतप्रधानांच्या हस्ते स्मार्ट सिटीच्या कामांची सुरुवात झाली होती, आणि तापकीर गल्लीत चार कॅमेऱ्यांचा सेट हातोहात खपत होता. बसवायला जाणारी पोरं पासवर्ड बदलत नसत. का, तर गिऱ्हाईक विसरतं आणि रात्री फोन करतं. त्यांना दोष देणार नाही, तीनशे रुपये मजुरीत रात्रीचा फोन बसत नाही.

त्या सुमारास माझ्या भाच्याने मला ‘नल’ या सुरक्षा तपासणाऱ्यांच्या गटाच्या पुण्यातल्या बैठकीला नेलं. सुटीच्या सकाळी जमायचं, कुणी काय उघडलं ते सांगायचं, चहा, पांगापांग. पन्नाशीकडे झुकलेला मी एकटाच. या मंडळींचं मोठं संमेलन ‘नलकॉन’ २०१० पासून गोव्यात भरतं. त्यांच्यातले असीम जाखड यांची ‘पयातू’ ही कंपनी पुण्यातली, जोडलेल्या उपकरणांची तपासणी हे तिचं एक महत्त्वाचं काम. त्यांनी ‘एक्सप्लायट’ नावाचं तपासणीचं साधन लिहून सगळ्यांना फुकट खुलं केलं. याच वर्तुळातून नेदरलँड्समधल्या हेग शहरात २०१५ पासून ‘हार्डवेअर’ नावाचीच एक परिषद भरू लागली, फक्त हार्डवेअरच्या सुरक्षेवर. पुण्याच्या माणसांनी हेगला जाऊन गोऱ्यांना पीसीबी कसा वाचायचा ते सांगावं, हे अण्णांना ऐकायला मिळायला हवं होतं.

मला तिथे नवं फारसं वाटलं नाही, ही माझी फुशारकी समजा. पोरं बोर्डावर चार टिकल्या शोधतात. मल्टिमीटर बझरवर टाकून ग्राउंड कुठली ते बघतात, बाकीच्यांतून बोलणारी आणि ऐकणारी हेरतात, आणि दीड-दोनशे रुपयांचा कन्व्हर्टर लावून बोर्ड सुरू होताना स्वतःशी काय पुटपुटतो ते वाचतात. कारखान्यात तपासणीसाठी ठेवलेली ती वाट असते आणि कोणी बुजवत नाही. कथिल नीट धरायला त्यांना मी शिकवलं, चिपमधला मजकूर उतरवून घ्यायला त्यांनी मला. बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात जायचं, भंगारातून राउटर नि डीव्हीआर उचलायचे आणि आठवडाभर त्यांच्यावर हात साफ करायचा, हे आमचं विद्यापीठ. एका डीव्हीआरमध्ये आधीच्या मालकाच्या दुकानाचं महिनाभराचं चित्रण निघालं. पोरं बघायला वाकली, तेव्हा मी नकळत एकाच्या पायावर पाय दिला.

आता माझी चूक सांगतो. कोविडनंतरची गोष्ट. स्वस्तातला एक घरगुती कॅमेरा, माझ्या पैशांनी घेतलेला, पावतीसकट. कंपनीचं नाव इथे येणार नाही. आत मुख्य पासवर्ड थेट कोरलेला होता आणि दुसरा तसलाच कॅमेरा आणून पाहिला तर त्यातही तोच. इथवर मी माझ्या मालकीच्या वस्तू उघडत होतो. मग दिसलं की मोबाइलवर चित्र हवं असेल तर ॲप कंपनी वापरते त्या सर्व्हरला कॅमेऱ्याचा नंबर सांगतं, आणि मागणारा त्या कॅमेऱ्याचा मालक आहे की नाही हे सर्व्हर विचारतच नाही. चावीवाल्याचा प्रश्नच नाही! माझ्याकडे दोन कॅमेरे होते, त्याचा पुरावा म्हणून एकाच्या खात्यातून दुसऱ्याचं चित्र मागवलं असतं तर पुरेसं होतं. पण रात्रीचे अकरा वाजलेले, हात शिवशिवत होते. मी नंबरातला शेवटचा आकडा बदलला.

स्वयंपाकघर. भिंतीवर कालनिर्णय, शेजारी घड्याळ, माझ्या घड्याळाएवढीच वेळ दाखवणारं. एक आजी स्टुलावर बसून मेथी निवडत होत्या. मी बंद करेपर्यंत चार-पाच सेकंद गेले असतील. तेवढ्यात त्यांनी मान वर करून कुणाला तरी काहीतरी विचारलं.

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि ती कंपनीच्या निष्काळजीपणामुळे नव्हे. अण्णांचा पहिला नियम मी मोडला होता. झाकण काढलं तेव्हा ज्याची वस्तू तो समोर नव्हता.

कंपनीला मेल केला. उत्तर नाही. दुसरा केला, तिसरा केला. एक्केचाळिसाव्या दिवशी वकिलाची नोटीस आली, माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ४३ आणि ६६ लावलेली. मी कायद्याचं पुस्तक आणून वाचलं. कलम ४३ म्हणतं, मालकाच्या किंवा ताबा असलेल्याच्या परवानगीवाचून कॉम्प्युटरमध्ये शिरलात तर भरपाई द्या. कलम ६६ म्हणतं, तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलंत तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे तुरुंगात घालायला हेतू लागतो, भरपाई मागायला लागत नाही. उलट कॉपीराइट कायदा, ज्याचं नाव ऐकून आमची पोरं घाबरतात, तो बराच उदार निघाला. हक्काने मिळवलेला प्रोग्राम कसा चालतो हे निरखायला त्यात मुभा आहे, आणि २०१२ मध्ये घातलेल्या ६५-अ कलमात मालकाच्या अनुमतीने सुरक्षा तपासायलाही आहे. प्रश्न एकच उरतो, मालक कोण? टेबलावरचा कॅमेरा माझा. त्यातला प्रोग्राम कंपनीचा. सर्व्हर कुठल्या तरी तिसऱ्याचा. आणि आजींचं स्वयंपाकघर आजींचं. त्यांना विचारायचं कलम मला कुठे दिसलं नाही.

या मालकीच्या प्रश्नाची सगळ्यात अवघड परीक्षा आपल्याच राज्यात होऊन गेली आहे. २०१० मध्ये हैदराबादचे हरी प्रसाद, अमेरिकेतले प्राध्यापक ॲलेक्स हाल्डरमन आणि नेदरलँड्सचे रॉप खोंगग्रेप यांनी एक मतदान यंत्र उघडून तपासलं. यंत्र हाती आलं तर आकडे दाखवणारा भाग बदलून किंवा मेमरीला चिमटा लावून निकाल फिरवता येतो, असं त्यांनी मांडलं. यंत्र एका निनावी माणसाने दिलेलं होतं आणि ते निघालं मुंबईच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या ताब्यातलं. ऑगस्टमध्ये हरी प्रसाद यांना हैदराबादेत अटक करून मुंबईला आणलं, आठवड्याने जामीन झाला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका नामांकित संस्थेने त्यांना पुरस्कार दिला. आमच्या बैठकीत यावरून दोन तट पडतात. मला दोन्हीकडचं अर्धं पटतं. चोरीची वस्तू टेबलावर घेऊ नये, अण्णांनी घेतली नसती. पण लोकांच्या पैशातून घेतलेली यंत्रं लोकांपैकी कुणाला रीतसर उघडून बघायची सोय नसेल, तर बघणाऱ्याने जायचं कुठे? हॉब्सचं कुलूप निदान खिडकीत टांगलेलं होतं.

उघडणावळ कोणाकडून घ्यावी याचाही एक वाईट नमुना आहे. २०१६ मध्ये अमेरिकेत पेसमेकरमधल्या खोटी सापडल्यावर एका सुरक्षा कंपनीने त्या पेसमेकर बनवणाऱ्याला न कळवता शेअर बाजारातल्या सटोडियाच्या हाती दिल्या. त्याने शेअर पडतील यावर पैसे लावले आणि मग बातमी फोडली. खोटी खऱ्याच होत्या, वर्षभराने सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरसाठी नवं सॉफ्टवेअर काढावं लागलं. ज्यांच्या छातीत ते यंत्र होतं त्यांनी ती बातमी टीव्हीवर ऐकली. याला मी धंदा म्हणत नाही.

आणि खोट राहून गेली की काय होतं हे बघायला पुणेकरांना परदेशात जायला नको. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. गणेशखिंड रस्त्यावर मुख्यालय असलेल्या कॉसमॉस बँकेच्या एटीएमची देवाणघेवाण मंजूर करणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरांनी आपली खोटी यंत्रणा बसवली. २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी काही तासांत पैसे उपसले गेले. सोमवारी हाँगकाँगच्या खात्यात आणखी १३ कोटी ९२ लाख गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. १९०६ सालची बँक, माझ्या आजोबांचं खातं असलेली. चोरांनी कुणालाही मेल पाठवून एक्केचाळीस दिवस वाट बघितली नव्हती.

सुधारणा होत नाही असं नाही. २०२१ मध्ये दूरसंचार खात्याच्या तांत्रिक विभागाने घरगुती जोडलेल्या वस्तूंसाठी संहिता काढली, पण ती ऐच्छिक. ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून सरसकट एकच पासवर्ड टाकून वस्तू विकायला बंदी घातली. आपल्याकडे एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना विक्रीआधी सुरक्षेच्या कसोट्या पार कराव्या लागतात. सरकारच्या सर्ट-इनकडे खोट कळवायची रीतसर वाट आहे. मीही शेवटी तीच धरली, नलमधल्या एका मुलीच्या सांगण्यावरून. अर्ज तिनेच लिहून दिला, माझं इंग्रजी अण्णांच्या दुकानापुरतं आहे. त्यात मी आकडा बदलल्याचंही लिहायला लावलं. ती नको म्हणत होती. पुढे सर्व्हर मालकाची ओळख विचारू लागला, आणि नोटिशीबद्दल पुन्हा कुणी काही बोललं नाही. जुन्या कॅमेऱ्यांतला कोरलेला पासवर्ड मात्र सॉफ्टवेअर अद्ययावत केल्याशिवाय जात नाही, आणि ते ज्याचं त्यानेच करायचं आहे.

म्हणून शेवटची ओळ त्या आजींसाठी. कालनिर्णयाच्या समोर पांढरा गोल कॅमेरा लावलेला असेल आणि तो मुलाने नाहीतर नातवाने बसवून दिला असेल, तर त्याला सांगा, ॲपमध्ये जाऊन अपडेट कर आणि पासवर्ड बदल. एका रात्री अकरा वाजता एक अनोळखी माणूस तुमच्या स्वयंपाकघरात चार-पाच सेकंद उभा होता. तो मी. मला माफ करा.